दोन पाण्यांमधली वाट

गेल्या वर्षी याच सदरात मी रोज अर्धा तास चालण्याविषयी लिहिलं होतं. शुगर, गुडघे, दम लागणं, मनावरचा ताण, सगळं त्यात होतं. अंक घरोघर पोहोचला आणि दोनच दिवसांत मालेगावहून माझ्या धाकट्या नणंदेचा फोन आला. "भाभी, लिहिलंत छान. पण बाईनं चालायचं कुठं, ते लिहायचं राहिलंच की!"

तिचं खोटं नव्हतं. मोहल्ल्यात चालायला निघालं तर चार दारांतून चार प्रश्न येतात, "काय झालं? एवढ्या सकाळी कुठं?" बागेत जावं तर घरचं आवरून होईपर्यंत ऊन चढतं. राहिली सहल. आपल्या घरांतली सहल कशी असते, आठवून पाहा. पुरुष आणि मुलं टेकडी चढून येतात, धबधब्यात भिजून येतात. बायका चटईवर बसून डबे राखतात, माकडं हाकलतात, तान्ह्यांना झोपवतात. संध्याकाळी घरी आल्यावर कुणी विचारलं, "ठिकाण कसं होतं?" तर काय सांगणार? चटई चांगली होती!

म्हणून ऑक्टोबरमधल्या एका रविवारी आम्ही बेत उलटा केला. बायका चालतील आणि पुरुष डबे राखतील. यांनी आधी हसण्यावारी नेलं, मग माझा चेहरा बघून गाडीत डिझेल भरून आणलं.

चालणाऱ्यांत आम्ही पाच जणी होतो. अडुसष्ट वर्षांच्या माझ्या सासूबाई, मालेगावहून मुद्दाम आलेली नणंद, माझी जाऊ, नववीत शिकणारी लेक आणि मी. सासूबाईंना सगळ्यांनी गाडीत बसायचा आग्रह केला. त्या म्हणाल्या, "उमऱ्याला गेले तेव्हा तुम्ही उचलून नेलं होतं का मला?" विषय संपला.

नाशिकहून मुंबईच्या दिशेनं निघालं की घोटी लागते. भाताच्या गिरण्यांचं हे गाव. आपल्या घरात येणारा इंद्रायणी तांदूळ पुष्कळदा याच भागातला असतो. इथं महामार्ग सोडून त्र्यंबकच्या बाजूला जाणारा वैतरण्याचा रस्ता धरला की दहा मिनिटांत जग बदलतं. दुकानांच्या पाट्या मागे पडतात आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरं सुरू होतात. वैतरणा जलाशयाच्या काठावर आम्ही पाच जणी उतरलो. पुरुष मंडळी गाडी घेऊन वळसा मारून मुकणे धरणाच्या काठी जाऊन थांबणार होती. मधली सहा-सात किलोमीटरची वाट आमची.

सकाळचे साडेसात वाजले होते. पाण्यावर धुकं होतं, इतकं की पलीकडचा काठ दिसतच नव्हता. एक पाणकावळा बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर पंख पसरून बसला होता, जणू कुणी ओला बुरखा वाळत घातलाय. ही उपमा माझ्या लेकीची, माझी नाही. सासूबाईंनी तिला दटावलं आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसल्या.

शिक्षकाची खोड जात नाही. चालता चालता मी धडा सुरू केला. समोरचं तळं म्हणजे अप्पर वैतरणा. १९७३ पासून मुंबई याचं पाणी पिते. मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, भातसा आणि हा. सातांत सगळ्यांत उंचावरचा हाच. पूर्ण भरला की त्याच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६०३ मीटरवर असते. मुंबईसाठीचा त्याचा साठा सुमारे २२,७०० कोटी लिटर, म्हणजे सात तलावांच्या एकूण साठ्याचा जवळजवळ सहावा हिस्सा. हे पाणी आधी डोंगर उतरताना वीज तयार करतं, मग वैतरणा नदीतून मोडक सागरात जातं आणि तिथून मोठाल्या नळांतून उतारानं मुंबईत पोहोचतं.

"म्हणजे कुर्ल्याच्या खालाच्या मटक्यात हेच पाणी?" लेकीनं विचारलं.

"हेच. आणि भेंडी बाजारात वजूसाठी तोटी उघडली तरी त्यातलं थोडं हेच."

सासूबाई थांबल्या. पाण्याकडे नीट बघितलं. मुंबईला त्यांचं अर्धं माहेर आहे. "एवढ्या लांबून येतं होय," एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या.

काठ सोडून आम्ही पूर्वेला वळलो. बैलगाडीची वाट होती, मधे गवत आणि दोन्ही बाजूंना चाकोऱ्या. ऑक्टोबरात हा मुलूख पाहावा तो असा. भात पोटरीतून बाहेर पडून ओंब्या वाकायला लागलेल्या. उताराच्या हलक्या जमिनीवर नागली आणि वरई. मधेच खुरासणीचं वावर, सगळं पिवळंधमक. बांधांवर सोनकीची फुलं. डाव्या हाताला लांबवर ब्रह्मगिरी आणि अंजनेरीचे डोंगर, उजवीकडे कावनईचा किल्ला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामानं पेशव्यांना जे किल्ले दिले, त्यांत हा होता. १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला पडल्यावर तोही इंग्रजांच्या हाती गेला. आता त्याच्या अंगाखांद्यावर गुरं चरतात. किती राज्यं आली आणि गेली, गवत मात्र दर पावसाळ्यात नव्यानं उगवतं. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते बघा, असं पवित्र कुरआनात पुन्हा पुन्हा बजावलं आहे. ते फक्त पुरुषांना उद्देशून आहे, असं काही मला कुठं वाचायला मिळालेलं नाही.

तासाभरानं वाट थोडी चढली. चढ इतका हलका, की दम लागला म्हणूनच कळला. वर एक माळ होता, त्यावर दोन-चार ऐनाची झाडं. तिथं मी सगळ्यांना थांबवलं. हाच तो जागेचा तुकडा, ज्यासाठी मी ही वाट निवडली होती.

शाळेत आपण जलविभाजक शिकवतो. फळ्यावर खडूनं डोंगर काढतो, दोन्ही उतारांना बाण काढतो, मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. इथं तो पायाखाली होता. माळाच्या पश्चिम उतारावर पडलेला पावसाचा थेंब वैतरणेला मिळतो आणि दीडशे किलोमीटरच्या आत अरबी समुद्र गाठतो. हातभर अलीकडे, पूर्व उतारावर पडलेला थेंब मुकण्याच्या तळ्यात जातो. तिथून औंढा नदीनं दारणेत, दारणेतून गोदावरीत. मग नांदूर मधमेश्वर, पैठण, नांदेड, तेलंगणा, आंध्र असा चौदाशेच्या आसपास किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात. एकाच ढगातले दोन थेंब. एक वसईच्या बाजूला समुद्राला मिळतो, दुसरा थेट राजमहेंद्रीच्या पुढे.

लेकीनं बाटलीचं झाकण काढलं. एक झाकण पाणी या बाजूला ओतलं, एक त्या बाजूला. "हे अरबी समुद्राला. हे बंगालच्या उपसागराला."

"पाणी सांडू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

"दादी, हा प्रयोग आहे!"

"प्रयोग झाला. आता झाकण लाव."

नणंद दगडावर बसून दोन्हीकडे बघत होती. म्हणाली, "भाभी, एवढं पाणी! आमच्या मालेगावात पाणी यायच्या वेळेवर घराचं घड्याळ चालतं. आज सुटणार म्हटलं की पाहुण्यांना पण थांबवतो." तिला मी पावसाचे आकडे सांगितले. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. नाशिक शहरात साधारण सातशे. मालेगाव, नांदगाव, येवल्याकडे त्याहूनही कमी. जिल्हा एक, आभाळ एक, पण वाटा वेगवेगळा. तिला हेवा वाटला. खरं सांगायचं तर मलाही वाटला. इथल्या बायकांचं बरं आहे, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

ते शब्द गिळायला पुढच्या अर्ध्या तासात वेळ आली.

उतरताना एक वाडी लागली. दहा-पंधरा कौलारू घरं, शेणानं सारवलेली अंगणं, कुडाच्या भिंती. एका घराच्या ओट्यावर सासूबाईंच्याच वयाची एक बाई उडीद पाखडत बसली होती. आमचा तांडा बघून तिनं सूप खाली ठेवलं. "कुठून आल्या ताई? बसा की. सावलीला बसा."

आम्ही बसलो. तिनं विचारायच्या आधीच आतून तांब्याभर पाणी आणलं. थंडगार, मातीच्या डेऱ्यातलं. सासूबाई आणि ती, दोघींची पाच मिनिटांत गट्टी जमली. किती मुलं, किती नातवंडं, गुडघ्यांना कोणतं तेल. मी माझ्या शहरी शहाणपणानं बोलून गेले, "तुमचं बरं आहे मावशी. एका अंगाला वैतरणा, एका अंगाला मुकणे. पाण्याची चिंता नाही."

ती हसली. त्यात राग नव्हता. "आता हाय पानी. वैशाखात या ताई, मंग बघा."

मग तिनं सांगितलं. वाडीची विहीर होळीनंतर खाली जाते. पुढं तळाशी वाटीनं पाणी भरावं लागतं. एक हंडा भरायला किती वेळ लागेल, ते झऱ्याच्या मर्जीवर. तिथंही नंबर. नाहीतर धरणाच्या पाण्याकडे चालायचं. उन्हाळ्यात तळं आटून लांब जातं, मधे चिखल आणि भेगा. डोक्यावर दोन हंडे, कडेवर कळशी. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक, घरात पाहुणे आले तर तिसरी. तळं झालं तेव्हा काही जमिनी पाण्याखाली गेल्या. पाणी आलं ते पुढं निघून गेलं. दारात नळाची तोटी आली आहे, पाणी यायचं आहे.

'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण मी पोरांना वाक्यात उपयोग करायला कितीदा दिली असेल. पाच गुणांना. आज त्या म्हणीच्या अंगणात बसून मी तिच्याच डेऱ्यातलं पाणी प्यायले होते.

निघताना सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला होता. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वाडी मागे पडल्यावर म्हणाल्या, "उमऱ्याला मी सई केली. सफा ते मरवा, मरवा ते सफा. वर छप्पर, खाली संगमरवर, थंड हवा, बाजूला जमजमचे माठ. सात फेऱ्यांत माझे पाय भरून आले तर केवढं कौतुक झालं माझं." थोडं थांबून त्या पुढं म्हणाल्या, "हजरत हाजरा तरी कशासाठी धावल्या होत्या? लेकरासाठी पाणी शोधायलाच ना?"

मी हा मजकूर लिहिताना आकडे बघितले. सफा आणि मरवा यांच्यातलं अंतर साधारण साडेचारशे मीटर. सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरच्या थोडं वर. एका आईची पाण्यासाठीची धावपळ अल्लाहला इतकी मोलाची वाटली की जगभरातून येणाऱ्या हाजींना, राजाला आणि रंकाला, पुरुषाला आणि बाईला, तिच्या पावलावर पाऊल ठेवून चालावं लागतं. हे मला लहानपणापासून पाठ होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यातला हंडा दिसला. बाईचं पाण्यासाठी चालणं इबादतीत सामील करणारा आपला दीन आहे, आणि पाण्यासाठी चालणारी बाई आपल्या गाडीच्या काचेतून आपल्याला दिसत नाही.

साडेअकराच्या सुमारास मुकण्याचं पाणी दिसलं. वैतरण्याहून हे तळं उघडं आणि पसरट आहे. भरल्यावर साठा ७,२३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे २०,५०० कोटी लिटर. मापानं दोन्ही तळी जवळपास जुळी बहिणीच म्हणायला हव्यात. एक मुंबईला दिलेली, दुसरी गोदावरीच्या घरात. मुकण्याचं पाणी नांदूर मधमेश्वरच्या कालव्यानं वैजापूर-गंगापूरकडच्या शेतीला जातं, आणि गंगापूर, दारणा धरणांबरोबर आता नाशिक शहरही त्यातून पितं. म्हणजे आमच्याही तोटीत त्यातलं थोडं असणार.

पुरुष मंडळी एका झाडाखाली बसली होती. रस्ता दोनदा चुकून आली होती, रेंज नसल्यानं घाबरली होती, आणि माकडांनी केळ्यांचा घड पळवला होता. यांचा चेहरा बघून आम्हाला हसू आवरेना. डबे राखणं सोपं काम नाही, हे त्यांना कळलं. सवाबच म्हणायचा!

जोहरची वेळ झाली. काठावर जाऊन आम्ही वजू करायला बसलो. लेक गुडघाभर पाण्यात उतरून ओंजळीच्या ओंजळी तोंडावर मारत होती. अख्खं तळं समोर, कोण अडवणार? मला एक रिवायत आठवली. इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. हजरत सअद वजू करत असताना रसूलुल्लाह (सल्ल.) तिथून गेले आणि ही उधळपट्टी कसली, असं त्यांनी विचारलं. वजूतही उधळपट्टी असते का, या प्रश्नावर आपण (सल्ल.) फरमावलं की हो, वाहत्या नदीच्या काठावर असलात तरीही. मी लेकीला सांगितलं. पूर्वी शंभरदा सांगितलं होतं. या वेळी तिनं वळून त्या वाडीच्या दिशेनं पाहिलं आणि निमूट बाहेर येऊन ओंजळ अर्धी केली.

सोमवारी शाळेत मी एक प्रयोग केला. मुलांना म्हटलं, घरी वजू करताना तोटीखाली बादली ठेवा आणि जमा झालेलं पाणी लिटरच्या बाटलीनं मोजा. बुखारी आणि मुस्लिममध्ये येतं की रसूलुल्लाह (सल्ल.) एका मुद्द पाण्यात वजू करत. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापानं पाऊण लिटरच्या आसपास. मुलांचे आकडे आले, कुणाचे तीन लिटर, कुणाचे पाच, एकाचे आठ. मुलांच्या आधी मी माझंही मोजलं होतं. साडेचार. जी बाई बाकीच्यांना शिकवते, तिचे साडेचार लिटर! आता तांब्या घेऊन बसते. दीड लिटरपर्यंत आले आहे. पाऊण अजून लांब आहे.

नाशिकला मी वाचवलेलं तीन लिटर पाणी त्या वाडीतल्या डेऱ्यात जाऊन पडणार नाही, हे मला कळतं. त्यासाठी टाकी हवी, पाइप हवा, विहिरीचं खोलीकरण हवं, आणि ते होईपर्यंत विचारत राहणारी माणसं हवीत. पण जे पाणी आपल्या हाताशी येतं ते कुणाच्या तरी दारावरून पुढं आलेलं असतं. ते अमानत आहे. अमानत जपून वापरायची असते आणि तिच्या मालकाची आठवण ठेवायची असते, एवढं तर आपल्या घरातलं लहान मूलही जाणतं.

वैशाखात या, असं त्या मावशी म्हणाल्या होत्या. बोलावणं मोडू नये. मेच्या सुट्टीत, पेपर तपासून झाल्यावर, मी आणि लेक गेलो. भल्या पहाटे फजर उरकून निघालो, तरी आम्ही पोहोचलो तेव्हा विहिरीवर रांग लागलेली होती. एक मुलगी, माझ्या लेकीच्याच वयाची, विहिरीत उतरून तळाला बसली होती आणि वाटीनं पाणी भरत होती. वर दोर, दोराला डबा. आतून वाटीचा आवाज येत होता, खर्र, खर्र, दगडावर घासल्याचा. लेक काठावर उभी राहून ऐकत राहिली.

वैतरण्याकडची वाट आम्ही बायकांबरोबर चाललो. ऑक्टोबरात जिथं पाणी होतं तिथं भेगाळलेली जमीन होती. पुढं आणखी एक उतार आणि मग कुठं तळ्याची निळी रेघ. मी एक कळशी मागून घेतली. परतताना चढावर तीनदा टेकवली. बायका हसल्या, पण थांबल्या. ऑक्टोबरातला तोच चढ मी दम लागला म्हणून ओळखला होता. आता तो मानेनं ओळखला.

मावशींच्या ओट्यावर बसलो. मी आधीच म्हटलं, "पाणी नको मावशी, आमच्या बाटलीत आहे." त्यांना ते आवडलं नाही. "दाराशी आलेल्याला पानी न्हाई म्हनायचं होय?" म्हणत त्या आत गेल्या. तांब्या आणला. आपण कळशी आणली त्यातलंच पाणी ते, हे लेकीला ठाऊक होतं. ती नीट मांडी घालून बसली. बिस्मिल्लाह म्हटलं, तीन घोट घेतले, थांबत थांबत. तांब्या खाली ठेवला, आणि बोटाला लागलेला थेंबही झटकला नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत त्या डोंगरांवर पाऊस सुरू झालेला असेल, इन्शाअल्लाह. माळावरचा पहिला थेंब कोणत्या समुद्राकडे निघेल, ते अल्लाहलाच ठाऊक. तुम्ही मात्र पावसाळा सरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, घरातल्या बायकांना घेऊन या वाटेनं जा. पायात बंद चपला किंवा बूट घाला. वाडीतल्या कुणाला तरी विचारूनच पुढं जा, वाटा फुटतात. तळ्यात पोहायला उतरू नका, काठाचा चिखल फसवा असतो. प्लॅस्टिकच्या ताटल्या नेऊ नका, नेल्यात तर परत आणा. भाताच्या बांधावरून चालताना ओंब्या तुडवू नका. डबे पुरुषांकडे द्या.

आणि जमलं तर वैशाखातही एकदा जा. तेव्हा तिथं फोटो काढण्यासारखं फारसं काही नसतं. रिकाम्या हातानं जाऊ नका. एक कळशी बरोबर न्या, आणि एक खेप तरी करून या.

नणंदेचा परवा पुन्हा फोन आला होता. मालेगावात तिनं मोहल्ल्यातल्या सहा जणींना गोळा केलंय, फजरनंतर चालतात. म्हणाली, "भाभी, लोक विचारतात, कुठं निघालात? आम्ही सांगतो, पाणी बघायला."